बरोबरीने बोल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरून काम करत होतीस, दार उघडंच होतं, म्हणून मीटिंगमधलं तुझं बोलणं कानावर पडलं. (पुढचं मी कान देऊन ऐकलं, हेही सांगून टाकते.) प्रश्न अगदी नेमका होता: काम ज्या तारखेला द्यायचं त्याच तारखेला संपणार असेल, तर तपासायला वेळ कधी मिळणार? पण त्याआधी तू म्हणालीस, "सॉरी, जरा बावळट प्रश्न आहे, पण..." पलीकडे कुणालाच उत्तर सुचेना, आणि शेवटी त्यांनी तारीख पुढे ढकलली. प्रश्नात दम होता म्हणूनच ना? मग विचारणारीने आधीच खाली मान का घालावी?

घाबरू नकोस, आरशासमोर उभी राहून "मी ग्रेट आहे" असं रोज म्हण, असं काही मी सांगणार नाही. 2009 मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी तेच करून पाहिलं होतं. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच फारसं बरं वाटत नव्हतं, त्यांना अशी वाक्यं घोकून उलट जास्तच वाईट वाटलं. मला त्याचं नवल वाटत नाही. न पटणारं काही म्हटलं की मन लगेच वाद घालायला बसतं, आणि त्या वादात पुरावे नेहमी आपल्याच विरोधातले आठवतात.

स्वतःबद्दलचा आदर मोजायला मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1965 मध्ये दहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजही वापरतात. त्यातलं एक विधान साधारण असं आहे: माझी काही किंमत आहे, निदान इतरांच्या बरोबरीने तरी. मला त्यातलं 'बरोबरीने' फार आवडतं. वरचढ असण्याचा तिथे प्रश्नच नाही. तुझ्या ऑफिसातले ते गृहस्थ, ज्यांना कुणी साधी दुरुस्ती सुचवली तरी दिवसभर फुगून बसतात, त्यांच्याकडे आत्मसन्मान भरपूर आहे असं तुला वाटतं. मला नाही वाटत. ज्याला सारखं वर राहावं लागतं, त्याला खाली येण्याची धास्तीही तेवढीच असणार.

तुझी अडचण वेगळी आहे. "ही बेरीज चुकली आहे" असं कुणी म्हटलं की तुला ऐकू येतं, "तूच चुकीची आहेस." मग तू चार वेळा माफी मागतेस, रात्री जागून नको तेवढं काम करतेस, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं कामही अंगावर घेतेस. बेरीज चुकली असेल तर "हो, चुकली, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवते" एवढं पुरतं. माफी एकदाच. कुणी "छान केलंस" म्हटलं की "छे, काही विशेष नाही" म्हणतेस, तेही सोड. समोरच्याने विचार करून म्हटलेलं असतं, त्याला खोटं कशाला पाडायचं? नुसतं "थँक्स" म्हण आणि गप्प बस. सुरुवातीला जीभ वळवळेल.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्येच याचं गणित मांडलं होतं: यशाला अपेक्षांनी भागायचं, येईल तो आत्मसन्मान. गणित ढोबळ आहे, माणूस काही अपूर्णांक नाही. पण तुझ्या बाबतीत मला वरच्या आकड्याची काळजी कधीच वाटली नाही. खालचा आकडा तू कुणाकुणाकडे बघून वाढवत नेलास, तो एकदा तपासून बघ. त्यातल्या किती अपेक्षा खरंच तुझ्या आहेत?

आणि हो, मैत्रिणीला दिलेले पैसे अजून मागितले नाहीस ना? ती वाईट नाही, विसरली असेल. आजच मेसेज कर: "मला ते पैसे या महिन्यात लागणार आहेत, कधी देशील?" शेवटी "घाई नाही" असं जोडू नकोस. तुला घाई आहे.

तुझी,
आई