जुनी म्हणून चांगली नव्हे

महोदय,

आपल्या पुरवणीतील लेखात ‘वाइन जितकी जुनी, तितकी उत्तम’ असे सरसकट म्हटले आहे, ते पटले नाही. बहुतेक पांढऱ्या वाइन काही वर्षांतच प्यायच्या असतात. मोजक्याच दशकानुदशके टिकतात, आणि त्यांत फ्रान्सच्या बोर्दो भागातील सोतेर्नची गोड वाइन अग्रगण्य आहे. तेथे सिरों आणि गारोन या नद्यांमुळे शरदात सकाळी धुके साचते, दुपारी ऊन पडते, आणि द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरून पाण्याचा अंश उडतो, साखर व आम्लता मात्र दाटते. म्हणूनच ती टिकते.

घोडबंदर रस्त्यावरील एका स्नेह्यांकडे नुकतीच १९६७ची सोतेर्न चाखली. बुचाचा भुगा झाल्याने ती मलमलीच्या फडक्यातून गाळावी लागली (वहिनींनी चहाची गाळणी पुढे केली होती!). रंग काकवीचा, वास जर्दाळू आणि केशराचा, गोडीमागची आंबट धार अजून शाबूत. सोबत उघडलेली, जवळपास तितकीच जुनी साधी पांढरी बोर्दो मात्र मोरीत ओतावी लागली.

ठाण्याच्या उकाड्यात कपाटात बाटल्या ‘मुरवत’ ठेवणाऱ्या वाचकांसाठी हा खुलासा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे (प.)