बिजली सापडली रे

सोन्या,
आधी हे वाच, बिजली सापडली. तबेल्यात उभी आहे, चंदी खातेय. काल फोनवर तू नुसता रडत होतास, मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून आज सगळं लिहूनच पाठवतोय.

तू बिजलीवरून पडल्यावर तुला मामा अँब्युलन्समधून खाली नेरळला घेऊन गेला तेव्हा पाच वाजत आले होते. मला वाटलं घोडी आपली आपण तबेल्यावर येईल, माथेरानची घोडी रिकामी सुटली की नेहमी घराचीच वाट धरतात. सात वाजले तरी आली नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शार्लोट लेकच्या पुढे कडा किती जवळ आहे तुला ठाऊक आहे.

टॉर्च घेऊन तू पडलास तिथूनच सुरवात केली. लाल मातीत तू घसरलेली जागा तशीच होती, तुझी चप्पल पण तिथेच. बिजलीच्या मागच्या डाव्या पायाला नाल नवा मारला होता ना, त्याचा ठसा कडक उठलेला, बाकी तीन पायांचे पुसट. तो एकच ठसा धरून वन ट्री हिलच्या बाजूला गेलो, मधे ताजी लीद दिसली तेव्हा जीवात जीव आला. पुढे कातळ लागला आणि ठसे संपले.

मग परत आलो आणि राणीला सोबत नेलं. दोघी एका दावणीच्या, एकीशिवाय दुसरी राहत नाही. कातळावर उभं केलं तर राणी दोनदा जोरात खिंकाळली, आणि खालच्या करवंदीच्या जाळीतून उत्तर आलं. बारीक, थकलेलं, पण तिचंच.

धावत गेलो असतो तर ती बुजून अजून पुढे गेली असती, आणि पुढे दरी. म्हणून बाजूने हळूहळू गेलो, तोबऱ्यातले हरभरे वाजवत, तिच्याशी बोलत. लगाम जाळीत अडकलेला, खोगीर फिरून पोटाखाली आलेलं, अंग घामाने ओलं आणि थरथरत होतं. आधी लगाम हातात धरला, मग तंग, खोगीराचा पोटाखालचा पट्टा, सोडला.

सोन्या, तंगाची एक बक्कल तुटली होती. पट्टा तिथे आधीपासून चिरलेला होता, मला गेल्या महिन्यातच दिसला होता आणि सीझन संपला की बदलू म्हणून मी तसाच ठेवला. माकड अंगावर आलं, घोडी बुजली, हे तर होणारच होतं, पण खोगीर फिरलं म्हणून तू पडलास. तुझी चूक नाही, लगाम सुटला म्हणून तू स्वतःला बोलू नकोस, चूक माझी आहे आणि ती मी तुझ्या आईलाही सांगितलीय.

तिच्यावर कोणी बसलं नाही, चालवतच आणली. पाणी थोडंथोडं पाजलं, पायांवरून हात फिरवून पाहिला, कुठे गरम लागत नाही. पुढच्या पायाला काटे लागलेत, मिठाच्या पाण्याने धुतले, सकाळी डॉक्टर बघून गेले.

प्लास्टर निघेपर्यंत मामाकडेच रहा, जेवण वेळेवर कर. नवा तंग मागवलाय, तू आलास की तूच बांध, आणि चप्पल मी ठेवलीय.

बाबा