सत्तावन्नातून सत्तावीस गेले

जळगाव,
२० मार्च २०२१

प्रिय बाळ्या,

‘७५ पैकी ५७ नगरसेवक असून भाजपचा महापौर पडलाच कसा?’ असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा घरात पाहुणे बसले होते. त्यातले दोघे कट्टर, म्हणून मी विषय टाळला. आता ऐक भो.

हिशेब पहिलीतल्या पोराचा आहे. शिवसेना १५, एमआयएम ३, भाजपचे फुटलेले २७. बेरीज ४५. परवा १८ तारखेला सेनेच्या जयश्री महाजनांना नेमकी तेवढीच मतं पडली, भाजपच्या प्रतिभा कापसेंना ३०. करोनामुळे सभा ऑनलाइन होती, त्यामुळे सतरा मजलीत, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, येऊन कोणाच्या नजरेला नजर द्यायची वेळच आली नाही. फुटलेली मंडळी ठाण्याच्या हॉटेलात बसली आणि तिथूनच मत देऊन मोकळी झाली. उपमहापौरपद कुलभूषण पाटलांना मिळालं, तेही त्या फुटलेल्यांतलेच.

तू गाव सोडलंस तेव्हा इथे सुरेशदादा जैन म्हणतील ती पूर्व दिशा होती. मग २०१४ ला विधानसभेत दादा पडले, सुरेश भोळे आले. घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या न्यायालयाने दादांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्याआधीच, २०१८ च्या महापालिकेत, भाजपच्या गिरीश महाजनांनी शहर एकहाती घेतलं होतं. पण ते ५७ जण काही संघाच्या शाखेतून घडून आलेले नव्हते. त्यात कालपर्यंत दादांच्या मागेपुढे करणारे बरेच होते. वारा बघून आले, वारा बघून गेले. राज्यात सरकार आघाडीचं, नगरविकास खातं एकनाथ शिंदेंकडे, भाजपचे खडसे ऑक्टोबरमध्येच राष्ट्रवादीत गेलेले. निधी कुठून येतो हे नगरसेवकाला शिकवावं लागत नाही.

आणि महापौर तरी कोण? आधी आमदार भोळेंच्या सौभाग्यवती, मग कैलास सोनवणेंच्या, आता विरोधी पक्षनेते सुनील महाजनांच्या. खुर्ची बाईची, फोन नवऱ्याला. एवढं करून खऱ्या किल्ल्या आयुक्तांच्या खिशात असतात ते वेगळंच!

आता पक्षांतरबंदीचं काय, असं तू विचारशीलच. दुसऱ्या पक्षात विलीन होऊन सुटायला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे ५७ मधले ३८. हे तर २७ च. पक्षादेश मोडला म्हणून अपात्र करा असा अर्ज नाशिकला विभागीय आयुक्तांकडे जाऊ शकतो. पण तारखांवर तारखा पडून अडीच वर्षं सरतील, हे त्या सत्तावीसांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

खरं सांगू? मला राग सेनेचाही नाही आणि भाजपचाही नाही. मी कमळाला मत दिलं ते रस्त्यासाठी. अमृत पाणी योजनेच्या पाइपासाठी आमची गल्ली उकरली, ती अजून तशीच. आमचा नगरसेवकही त्या सत्तावीसांत आहे. निवडणुकीत चार वेळा चहाला येऊन गेला होता. काल त्याच्या घरावरून गेलो तर फाटकाला कुलूप, आणि ओट्यावर पोरं सांगत होती, ‘भाऊ ठाण्याला गेलाय, येईल दोन दिवसांत.’

आला की मी जाणार आहे. सोबत खडीचा एक दगड नेणार आहे, आपल्या गल्लीतलाच.

आईला नमस्कार सांग. या हिवाळ्यातही तुझं भरीत हुकलं. पुढच्या वेळी कळण्याच्या भाकरीसकट वसूल करू.

तुझा,
नाना