मिडी कीबोर्ड घ्यायला जाताना फोन सोबत न्या

संपादक महोदय,

सुटीतल्या वाद्यखरेदीवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात २५ पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डला 'छोटा कॅसिओ' म्हटले आहे. ग्राहक फसतो तो नेमका इथेच. या कीबोर्डमध्ये स्पीकर नसतो आणि बहुतेकांत स्वतःचा आवाजही नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली, एवढाच निरोप तो फोनला देतो; या निरोपांची ठरलेली भाषा म्हणजे मिडी. त्या भाषेत मधली पांढरी एक (मधल्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) म्हणजे क्रमांक ६०, आणि जोर १ ते १२७. सूर काढायचा तो फोनमधल्या अ‍ॅपने. त्यामुळे कीबोर्ड निवडण्याआधी हातातला फोन तपासायला हवा.

अँड्रॉइडमध्ये मिडी कीबोर्ड जोडण्याची सोय ६.० आवृत्तीपासून आहे, पण फोनला ओटीजी (यूएसबीच्या भोकात बाहेरचे उपकरण जोडण्याची सोय) हवे. काही फोनमध्ये ते सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागते आणि थोडा वेळ न वापरल्यास आपोआप बंदही होते. मग चालू असलेला कीबोर्ड मध्येच मुका होतो. खात्रीचा उपाय म्हणजे कीबोर्ड ज्या ओटीजी अडॅप्टरने जोडायचा, त्यालाच आधी पेनड्राइव्ह लावून पाहणे. ती दिसली आणि कीबोर्डचा दिवा लागूनही आवाज नसेल, तर केबल फक्त चार्जिंगची असते किंवा अ‍ॅपमध्ये मिडी इनपुट निवडलेले नसते. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे. त्याआधीच्या लाइटनिंग फोनला कॅमेरा अडॅप्टर लागतो, आणि तोही चार्जरची जागा असलेलाच घ्यावा. दिव्यांच्या पॅडचे (बोटाने आपटायच्या, उजळणाऱ्या चौकोनी बटणांचे) कीबोर्ड जास्त वीज ओढतात; फोन ती देऊ शकला नाही की पडद्यावर तसा संदेश येतो आणि कीबोर्ड सुरूच होत नाही. दोष वाद्याचा नसतो, पण ते परत मात्र केले जाते.

खरी अडचण पुढेच आहे. अनेक फोनला भोक एकच. त्यात कीबोर्ड लावला की हेडफोन कुठे लावायचा? लोक ब्लूटूथ हेडफोन घालतात आणि 'वाद्य मागे पडते' म्हणतात. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय धरली, तर एक मात्रा पाव सेकंदाची. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर सहज अर्ध्या मात्रेएवढा, कधी त्याहूनही जास्त. अशाने तान वाजणार कशी? चार्जिंग, यूएसबी आणि ३.५ मिमी हेडफोन अशा तिन्ही सोयींचा टाइप-सी हब घ्यावा, नाहीतर कीबोर्डच ब्लूटूथ मिडीचा घेऊन हेडफोन तारेचा ठेवावा. ब्लूटूथ मिडीत जाते ती केवळ पट्ट्यांची माहिती, म्हणून तिथला उशीर फारसा जाणवत नाही. मात्र आयफोनवर ही जोडणी फोनच्या सेटिंगमधून नव्हे, अ‍ॅपच्या आतून करायची असते.

२५ पट्ट्या गाण्याच्या साथीला अपुऱ्या, हे लेखातले मतही पटत नाही. पांढरी एकला सा धरला तर अपुऱ्याच. पण सा पांढरी चारवर घ्या: डावीकडची शेवटची पट्टी मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प), उजवीकडची शेवटची तार पंचम (वरच्या सप्तकातला प). दोन सप्तके नेमकी बसतात. मग गायकाची पट्टी ट्रान्सपोजने (सगळे सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवण्याच्या सोयीने) आणायची. काळी एकसाठी उणे ४, काळी चारसाठी अधिक ३. पट्टी दाबलेली असताना ट्रान्सपोज बदलू नये, काही कीबोर्डांवर तो सूर अडकून वाजत राहतो.

पेटीवर न निघणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) इथे पिच बेंडने, म्हणजे वाजता सूर वर-खाली ओढण्याच्या सोयीने, निघते. तिचा पल्ला बहुतेक अ‍ॅपमध्ये दोन्हीकडे दोन-दोन अर्धस्वरांचा, म्हणजे सा वरून जेमतेम शुद्ध रे. सा ते शुद्ध ग हवी असेल तर अ‍ॅपमध्ये पल्ला ४ करावा. दुसऱ्या बोटाने षड्ज धरून ठेवला असेल, तर तोही सोबत घसरतो! आधारस्वर तंबोऱ्याच्या वेगळ्या अ‍ॅपवर ठेवावा.

विक्रेत्यांनी ग्राहकाचाच फोन जोडून, वाजवून दाखवल्याशिवाय हा कीबोर्ड विकू नये. आणि आपल्या पुरवणीतही कीबोर्डच्या किमतीशेजारी अडॅप्टर व हबची किंमत छापावी, ही विनंती.

— एक हार्मोनियम-शिक्षक, सांगली