काका, त्या संत्र्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून चहाचं विचारलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

फेब्रुवारीतल्या चाचणीत माझ्या आठवीतल्या पोरानं लिहिलं होतं, की अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, पण ते मूलभूत कण नाहीत, म्हणजे त्यांच्या आत आणखी लहान कण आहेत. त्याला लाल फुली मिळाली आणि "पुस्तकात आहे तेवढंच लिही" हे वर्गासमोर ऐकावं लागलं. दोन दिवस तो गप्प होता. मी कॉमर्स शिकलेली. त्याचं चुकलं की नाही, हेच मला सांगता येईना.

धरमपेठेत तुमच्याकडे घेऊन आले, तेव्हा तुम्ही पेपर वाचलात आणि पहिला शब्द उच्चारलात, "बरोबर." त्या एका शब्दासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

मग टोपलीतलं संत्रं उचललंत. "हा हायड्रोजनचा प्रोटॉन. तो आपल्या नागपूरच्या झीरो माइलपाशी ठेवला, तर इलेक्ट्रॉन दोनेक किलोमीटरवर, लॉ कॉलेज चौकाच्या आसपास." मी आजवर अणू म्हणजे सूर्यमालेचं चित्र समजत होते. तुम्ही तेही खोडलंत: इलेक्ट्रॉनची ठरलेली वाट नसते, तो कुठं सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. थॉमसन यांनी १८९७ साली शोधलेला हा कण मात्र खरोखर मूलभूत. त्याच्या आत आजवर काही सापडलेलं नाही.

मग संत्रं सोललंत. प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे आणखी बारीक कण असतात: दोन अप क्वार्क, एक डाऊन. अपचा विद्युत प्रभार अधिक दोन तृतीयांश, डाऊनचा उणे एक तृतीयांश. पोरानं त्याच पेपरच्या समासात बेरीज केली: एक. मग दोन डाऊन, एक अप घेऊन न्यूट्रॉनचं शून्यही स्वतःच काढलं.

पण तुम्ही फोड सुटी करून म्हणालात, "इथं संत्रं चुकीचं सांगतं." क्वार्क असा सुटा निघत नाही. ओढायला लावलेल्या ऊर्जेतूनच क्वार्क आणि प्रतिक्वार्कची (त्याच्या उलट प्रभाराच्या जुळ्याची) नवी जोडी तयार होते. एकटा क्वार्क हाती लागतच नाही. "मग आहेत हे कळलं कसं?" त्यानं विचारलं. १९६४ साली गेल-मान आणि त्स्वाइग यांनी ते कागदावर मांडले होते. पुढे १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्डला प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा काही अपेक्षेपेक्षा फारच वळले, जणू आत बारीक टणक ठिपके असावेत. रदरफोर्ड यांना सोन्याच्या पत्र्यात केंद्रक असंच सापडलं होतं, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, काका.

शाळेबद्दल तुम्ही वाईट शब्द काढू दिला नाहीत. "पुस्तक प्रोटॉन-न्यूट्रॉनना अवअणुकण, म्हणजे अणूहून लहान कण म्हणतं, तेही खरंच आहे. आधी ते लिही, मग तुझं." हे मला सुचलं नसतं.

निघताना तुम्ही त्याला एक प्रश्न दिलात: बीटा क्षयात, म्हणजे काही केंद्रकं आपोआप बदलतात तेव्हा, केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, मग तो आधी आत होता का? पंधरा दिवस तो त्यामागं होता. काल चिठ्ठी लिहून माझ्याकडे दिली, तुम्हाला पोचवायला: "नव्हता. डाऊनचा अप होताना तिथंच जन्मला. रविवारी येऊ का?"

तुमची,
शेजारच्या गल्लीतली, त्याची आई