चिपचा आराखडा : आधी सेल, मग ॲरे शिकवा

माननीय संपादक महोदय,

गोव्यातील अभियांत्रिकीच्या मुलांना चिपचा आराखडा शिकवताना सारख्या आकृती एकामागून एक कॉपी-पेस्ट करू दिल्या जातात, हे फोंड्यात अध्यापन करताना वारंवार दिसते आणि त्याची मनापासून खंत वाटते. मेमरीचा सहा ट्रान्झिस्टरांचा सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायची मूळ आकृती, एकदाच काढून त्याचा 64 ओळी व 32 स्तंभांचा ॲरे, म्हणजे ठरावीक अंतरावरची मांडणी, केला, तर चिपचा आराखडा साठवणाऱ्या जीडीएस-टू फाइलमध्ये मूळ सेल एकदाच साठवला जातो आणि ॲरेसाठी केवळ ओळी, स्तंभ व अंतर यांची नोंद राहते. पुढे धातूची एखादी पट्टी निर्मितीच्या नियमापेक्षा अरुंद निघाली, तरी मूळ सेलमधील एका दुरुस्तीने 2048 ठिकाणे सुधारतात. सुट्या प्रतींत मात्र एखादी हमखास राहून जाते.

शेजारच्या ओळींना वीजवाहिनी सामायिक ठेवायची असेल, तर सेल व त्याचे आरशातील प्रतिबिंब यांचा मिळून एक मोठा सेल करावा आणि मग त्याचा ॲरे मांडावा. हे कौशल्य खरोखर मोलाचे आहे. चिपचे आराखडे काढण्याचे केलेआउट (KLayout) हे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध असल्याने खर्चाची सबब उरत नाही. महाविद्यालयांनी पहिल्याच प्रात्यक्षिकात याचा समावेश करावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक अध्यापक, फोंडा, गोवा