पिंजऱ्याआधी पैदाशीचा विचार व्हावा

संपादक महोदय,

खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या हालांवरची चर्चा बहुतेक वेळा पिंजरा आणि कत्तल या दोनच गोष्टींभोवती फिरते. दोन्ही महत्त्वाच्या आहेतच. युरोपीय संघात १ जानेवारी २०१२ पासून अंड्यांच्या कोंबड्यांचे जुने, अरुंद पिंजरे बंद झाले, ते अशाच चर्चेमुळे. मात्र या प्राण्यांचे पुष्कळसे दुःख त्यांच्या जन्माआधीच, कोणत्या वाणाची पैदास करायची हे ठरते तेव्हाच, पक्के झालेले असते, याकडे आपले लक्ष जात नाही.

ब्रॉयलर कोंबडीचे उदाहरण घ्या. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ पासून जतन केलेले वाण आणि २००५ मधील व्यावसायिक वाण एकच खाद्य देऊन वाढवले. ५६ दिवसांनी पहिल्याचे सरासरी वजन सुमारे ९०० ग्रॅम, तर दुसऱ्याचे सुमारे ४,२०० ग्रॅम भरले. हा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा आहे. मांस ज्या वेगाने चढते त्या वेगाने पाय आणि हृदय बळकट होत नाहीत, म्हणून लंगडणे, पोटात पाणी होणे आणि अचानक मरणे या पक्ष्यांत नेहमीचे झाले आहे.

त्याहून विदारक स्थिती त्यांच्या आईबापांची आहे. पिल्ले सहा आठवड्यांच्या आसपास कापली जातात. पैदाशीच्या कोंबड्यांना मात्र वर्षभराहून अधिक जगवावे लागते. त्यांना पोटभर खाऊ दिले तर त्या लठ्ठ होऊन आजारी पडतात, अंडी नीट देत नाहीत आणि लवकर मरतात. म्हणून वाढीच्या वयात त्यांना भुकेच्या मानाने फारच थोडे, मोजून खाद्य दिले जाते. म्हणजे भूक किंवा आजार, यापलीकडे तिसरा पर्याय त्या शरीराला आपण ठेवलेलाच नाही. शेड कितीही मोठी आणि हवेशीर बांधली, तरी यातून त्यांची सुटका होत नाही.

‘आपण पाळले नसते तर हे जीव जन्मालाच आले नसते, मग तक्रार कसली?’ असे विचारले जाते. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. जन्माला न आलेला जीव कुठे ताटकळत उभा नसतो, की त्याला जन्म देणे हे उपकार ठरावेत. उलट, ज्याने ते शरीर कसे असावे हे ठरवले, त्याची जबाबदारी केवळ सांभाळणाऱ्यापेक्षा अधिक आहे.

सावकाश वाढणाऱ्या वाणांना खाद्य आणि दिवस दोन्ही अधिक लागतात, त्यामुळे मांस महागते, हा आक्षेप खरा आहे आणि कमी मिळकतीच्या माणसापुढे तो झटकून टाकता येणार नाही. परंतु ज्यांच्या ताटात मांस रोज आणि भरपूर असते, त्यांनी ते कमी करून अधिक दाम मोजायला काय हरकत आहे? मी स्वतः मांस खातो, म्हणून ही अपेक्षा आधी माझ्याकडूनच आहे.

अंड्यांच्या वाणांतील नर पिल्ले निरुपयोगी म्हणून पहिल्याच दिवशी मारण्यावर जर्मनीने २०२२ पासून बंदी घातली. पैदाशीच्या परिणामांत कायदा लक्ष घालू शकतो, हे त्यातून दिसते. त्याच धर्तीवर मांसाच्या प्रत्येक पाकिटावर कोंबडीचे वाण आणि ती किती दिवसांची होती हे छापणे सक्तीचे करावे, आणि पायांच्या दुखण्याची नोंद ठेवल्याशिवाय कोणतेही नवे वाण विक्रीस येऊ देऊ नये.

आपला,
एक वाचक